रविवारचा पाना – भाग ६ : पावसाळ्यानंतरचा कार्ब्युरेटर

दसरा जवळ आला की पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून ठरावीक आवाज यायला लागतो. किक, किक, किक, मग थोडी विश्रांती, मग देवाचं नाव किंवा त्याच्या नेमकं उलट काहीतरी, आणि पुन्हा किक. जूनपासून कोपऱ्यात झाकून ठेवलेली चेतक हार घालण्याआधी एकदा तरी चालू व्हावी, एवढीच मालकाची इच्छा असते. ती होत नाही. मग चोक ओढून बघणं, गाडी आडवी करून बघणं, वॉचमनला धक्का मारायला बोलावणं असे सगळे विधी पार पडतात.

गेल्या रविवारी आपण प्लग पाहिला. ठिणगी निळी आणि ठसठशीत पडते आहे, किक मारताना पायाला चांगला दाब जाणवतो आहे, तरीही इंजिन घेत नाही, तर संशय पेट्रोलवर. पण म्हणून लगेच कार्ब्युरेटर उघडायला घेऊ नका. आधी दहा-बारा किका मारा, प्लग पुन्हा काढा आणि टोकाला बोट लावा. कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ओलाचिंब असेल तर गरजेपेक्षा जास्त पोचतं आहे. दोन्ही आजारांत गाडी सारखीच रुसते, उपाय मात्र उलटे. हे न बघता सगळं खोलून बसणारे हौशी लोक मी बरेच पाहिलेत. संध्याकाळी त्यांच्याकडे स्वच्छ कार्ब्युरेटर असतो आणि बंद गाडी.

कोरडा प्लग निघाला तर कार्ब्युरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. धार लगेच वाढली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय; पिनेचं काम, पाच मिनिटांत सुट्टी. झाकण उघडूनही फरक नाही, तर कॉकच्या जाळीत गाळ आहे. आणि धार उत्तम असेल, तर मग मात्र बाही सारायची.

चेतकचा कार्ब्युरेटर इतका आत का दडवलाय, याचं उत्तर इटलीत आहे. व्हेस्पा रेखाटणारा कोरादिनो दास्कानियो हा विमानांचा अभियंता. त्याला मोटरसायकल आवडत नसे: कपड्यांना तेल लागतं, पंक्चर काढताना जीव जातो. म्हणून १९४६ च्या त्याच्या गाडीत इंजिन पत्र्याआड गेलं आणि चाकं एकमेकांत बदलता येण्याजोगी झाली. आपल्याकडे बजाज पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या स्कूटरला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं. (फिरोदियांची लुनाही त्याच १९७२ ची. पुण्याच्या दोन पिढ्यांचे गुडघे या दोन गाड्यांनी घडवलेत.) धोतर, नऊवारी आणि ऑफिसची इस्त्रीची पँट या सगळ्यांना ही झाकलेली गाडी सोयीची पडली. गैरसोय झाली ती आपली, पार्किंगमध्ये उकिडवं बसणाऱ्यांची. उजवीकडचा गुबगुबीत पत्रा काढायचा, मग डब्याचं झाकण, मग एअर फिल्टर, तेव्हा कुठे पितळी जेटचं दर्शन.

कामाची जागा मात्र नीट निवडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करायचं नाही, म्हणजे नाही. मोकळ्या अंगणात, इंजिन थंड असताना, वाळूची एक बादली शेजारी ठेवून बसा. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहतील. त्यांनाच टॉर्च धरायला द्या.

आता प्रत्यक्ष एका गाडीकडे येऊ. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची चेतक. प्लग कोरडा होता, म्हणून आम्ही टाकीतलं पेट्रोल पाइपने काचेच्या पारदर्शक बाटलीत काढलं.

"काका, पेट्रोल कधी भरलं होतं?"

"पाडव्याला. पण गाडी चाललीय कुठे? तसंच आहे ते."

तसंच नव्हतं. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर दिसायला लागला, वरच्यापेक्षा गढूळ, आणि दोघांमध्ये स्पष्ट रेघ. हे पावसाचं पाणी गळून आत गेलेलं असेलच असं नाही. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई-२०. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आधी २०३० साठी ठरवलेलं हे उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं. इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेतं. टाकी अर्धी रिकामी, झाकणाला भोक आणि बाहेर पुण्याचा जुलै-ऑगस्ट. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं, पाण्याला जाऊन मिळतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. कॉकही तळालाच. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरीही बघता येतं. मापाच्या खुणा असलेल्या उंच नळीत २० मिलि पाणी घ्या, वर ८० मिलि ताजं पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि थांबा. सगळं इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ३६ मिलिच्या आसपास गेला, तर वाढलेले १६ मिलि हे इथेनॉल, म्हणजे ८० चे २० टक्के. पंपावर कुणी बाटलीत असंच पाणी मिसळून 'बघा, पेट्रोलमध्ये पाणी' म्हणून आरडाओरडा करतो, तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार झालेला असतो. पंपवाल्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण यात त्याचा दोष नसतो.

इथेनॉल वाईट, असं सरसकट बोलणं मला पटत नाही. उसाच्या महाराष्ट्रात त्याचं अर्थकारण मोठं आहे आणि ते बनवण्याचं तंत्र जगभर विकणारी प्राज ही कंपनी पुण्याचीच. पण १९८५ च्या स्कूटरला त्याची कल्पना नव्हती, हेही खरं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉलमध्ये प्रत्येक लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज होता. कार्ब्युरेटरवाल्यांना मायलेजपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची, तिच्याकडे जेट पाहून झाल्यावर वळतो.

कार्ब्युरेटरमध्ये कामाच्या जागा दोनच. पहिली फ्लोट चेंबर: गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक जे करतो, तेच इथला फ्लोट करतो. पेट्रोल ठरल्या पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल तोंड बंद करते. नीडल झिजली किंवा खाली कचरा अडकला की पेट्रोल वाहत राहतं. ओल्या प्लगचं मूळ बहुधा इथे. गाडी आडवी करण्याचा तो जुना विधीही निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. फ्लोट जागचा हलतो, चेंबरमधलं पेट्रोल वर चढतं आणि थंड इंजिनाला क्षणभर दाट मिश्रण मिळतं.

दुसरी जागा जेट. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब पडतो आणि जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर ओढलं जातं. किती ओढलं जावं हे ते छिद्र ठरवतं. रेस दिल्यावर मेन जेट, गाडी उभी असताना स्लो जेट. स्लो जेटचं छिद्र इतकं बारीक की आधी बुजतं ते तेच. आणि टू-स्ट्रोकमध्ये बुजायला कारणही घरचंच असतं: पेट्रोलमध्ये २टी ऑइल घातलेलं. महिनोन् महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल आणि डिंकासारखा चिकटा मागे राहतो. काकांच्या चेंबरच्या तळाला तो तपकिरी-हिरवट साका इतका घट्ट होता की नखाने खरवडला तरी निघेना.

चेंबर आणि अंगाला कार्ब क्लीनरचा फवारा मारून मुरू द्या. फ्लोट, रबरी पॅकिंग आणि नीडल मात्र आधी बाजूला काढा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत पिळा आणि किती फेरे झाले ते भिंतीवर खडूने लिहा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. आकडा हरवलाच तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा.

जेट काढताना स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण रुंदीला बसणारं हवं. पितळ मऊ असतं, खाच एकदा गोल झाली की ते जेट आयुष्यभर बाहेर येत नाही. त्यापुढची चूक आणखी महाग पडते: जेटमध्ये तार घालणं. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. समजा तुमचं जेट ९८ चं आहे. म्हणजे छिद्र ०.९८ मिमी. तार घुसवून ते १.०२ झालं, तर वाढ दिसते चार शतांशांची, पण छिद्राचं क्षेत्रफळ वाढतं आठ टक्क्यांनी. पेट्रोल तेवढं जास्त, ॲव्हरेज तेवढं कमी आणि सायलेन्सरमध्ये काजळी. टूथब्रशचा एखादा नायलॉनचा तंतू चालेल. त्याहून चांगलं म्हणजे जेट रुमालात गुंडाळून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्या आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. घट्ट धरा, नाहीतर ते रस्त्यापलीकडे जाईल. नंतर उजेडाकडे धरून बघा. छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे, कडेला पापुद्रा नको.

आणि इथेच ई-२० ची ती दुसरी गोष्ट. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या जवळपास येतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं, तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून भरपाई करतो. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतरच्या बहुतेक गाड्या तशाच आहेत, त्यांना जेटच नाही. चेतककडे सेन्सर नाही. पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, आणि टू-स्ट्रोक तापलं की पिस्टन चिकटतो, तेही बहुधा कात्रजच्या चढावर. जुना मेकॅनिक 'जेट दोन नंबर वाढवू' म्हणतो ते उगाच नसतं. पण आधी प्लगचा रंग बघा: चांगली दहा-बारा किलोमीटर गाडी पळवल्यावर खाकी-तपकिरी असेल तर जेटला हात लावू नका, पांढराफटक असेल तरच एक पायरी वरचं घ्या. तारेने मोठं केलेलं नव्हे, आकडा कोरलेलं.

सुटे भाग नाना पेठेत मिळतील. पॅकिंगचा संच, नीडल आणि नवा पेट्रोल पाइप एकदमच घ्या. पाइप इथेनॉलला चालेल असाच मागा, काळा स्वस्त पाइप तीन महिन्यांत चिरेल. जुने पाने हवे असतील तर जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पाना उचलला की आधी जबडा बघा, फाकलेला असेल तर फुकट दिला तरी नको.

भोर-मुळशीकडे जमीन घेतलेल्यांसाठी थोडंसं. तुमच्या गवत कापायच्या यंत्रात फ्लोट नसतो, कारण ते वाकडंतिकडं धरूनच चालवायचं असतं. तिथे फ्लोटचं काम एक पातळ पडदा करतो. तो पावसाळ्यानंतर कडक झालेला असतो. धुवत बसू नका, बदला.

काकांची गाडी नव्या पेट्रोलवर चौथ्या किकेला घेतली आणि अख्ख्या पार्किंगमध्ये निळा धूर झाला. गरम झाल्यावर स्लोचा स्क्रू थोडा वाढवला, मग मिश्रणाचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत जिथे आवाज सर्वांत एकसारखा वाटला तिथे थांबलो, आणि स्लो पुन्हा खाली आणला. यापुढे त्यांनी एवढंच करायचं: आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तेव्हा चावी न फिरवता कॉक बंद करायचा आणि चेंबरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून बंद पडू द्यायचं. बाटलीतलं खराब पेट्रोल गटारात ओतायला निघाले होते, ते थांबवलं. घट्ट बुचाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्यायचं ठरलं.

पुढच्या रविवारी क्लच आणि गियरच्या वायरी. चेतकचे गियर डाव्या मुठीत, त्यामुळे वायरी दोन, आणि त्या उलटसुलट बसवल्या की गियरही उलटे पडतात. घेताना आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही घ्या, शिवाय ग्रीसचा छोटा डबा.