मृदंगाचे आवर्तन आणि यंत्राचे आवर्तन

तुकाराम बीज जवळ आली की मावळातील वारकऱ्यांची पावले देहूकडे वळतात. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेल्या इंद्रायणीच्या काठी टाळमृदंगाचा घोष होऊ लागतो. अशा मंगल पर्वावर यंत्राची चर्चा कशाला, असे भाविक वाचकांस वाटेल. परंतु हल्ली काही ठिकाणी आम्ही कीर्तनास उभे राहतो, तेव्हा तंबोऱ्याच्या जागी श्रुतिपेटी आणि मृदंगाच्या जागी यंत्रात साठविलेला ठेका असतो. मृदंगी मिळत नाही, मिळाला तर बिदागी परवडत नाही, असे सांगितले जाते. म्हणून हा विचार करणे प्राप्त आहे.

नाद जतन करण्याची ओढ मावळास नवी नाही. मळवलीजवळच्या भाजे लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली एक स्त्री तालवाद्य वाजवीत आहे व शेजारी नर्तकी नृत्य करीत आहे. शिल्पकाराने हातांची मुद्रा जतन केली. नाद विरून गेला. तुकोबारायांचे अभंग वहीत उतरविणाऱ्या संताजी महाराज जगनाडे यांची समाधी याच तालुक्यात सुदुंबरे येथे आहे. त्यांच्या लेखणीने शब्द राखले; तुकोबांचा कंठस्वर राखणे कोणाच्याही हाती नव्हते. ते सामर्थ्य १८७७ मध्ये एडिसनच्या यंत्राने दिले आणि १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन तबकडीवर उमटले.

पुढचे पाऊल १९४८ मध्ये पॅरिसला पडले. पिएर शेफर यांनी तबकडीची खाच वर्तुळाकार बंद केली. सुई तेथेच फिरे आणि तोच ध्वनी पुनःपुन्हा उमटे. यालाच आज लूप म्हणतात. आता मृदंगाचा खरा बोल ध्वनिमुद्रित करून त्याचे अंकांत रूपांतर करतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप होते. हा तुकडा म्हणजे सॅम्पल. समेपासून समेपर्यंतचा ठेका कापून त्याची टोके जुळविली की झाले आवर्तन. पट्टी न बदलता लयही कमीजास्त करता येते.

पुनरावृत्ती आपणांस परकी नाही. संस्कृतात ‘अभ्यास’ या शब्दाचा एक अर्थच पुनरावृत्ती असा आहे. वेदांच्या घनपाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग तीन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हणतात. त्यामुळे एक स्वरही ढळत नाही. तेथे आवृत्तीतून जतन साधते. लूपमध्ये क्रम उलटा आहे: आधी जतन, मग आवृत्ती. घनपाठ्याला प्रत्येक वेळी सावध राहावे लागते. यंत्राला सावधपण नाही.

कीर्तनात हाच भेद कळीचा ठरतो. दृष्टांत करुण रसाला पोहोचला की मृदंगी हात आवरता घेतो. गजर चढला की तोच लय वाढवितो. टाळकरी धृपद उचलतात, तेही वक्त्याच्या मुखाकडे पाहून. मृदंगाचे कोणतेही आवर्तन मागच्यासारखे हुबेहूब नसते. यंत्र वाजते, पण ऐकत नाही. मग कीर्तनकारालाच यंत्राच्या मागे धावावे लागते आणि श्रोत्यांकडचे लक्ष सुटते.

म्हणून आमचा कौल सरसकट निषेधाचा नाही. तंबोऱ्याचा धर्मच स्थिर राहण्याचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरात घडलेली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तो बऱ्याच अंशी पाळते. घरी रियाजाला साठविलेला ठेकाही उपकारक आहे. मात्र हरिकथेच्या रंगणात जिवंत हातच हवा.

शिवाय त्या तुकड्यामागे कोणा वादकाचे आयुष्य असते. आपल्या कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतास त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आणि २०१२ मध्ये त्यावर आपले नाव असण्याचा हक्कही मान्य केला. संताजींनी अभंग लिहून घेतले, पण ‘तुका म्हणे’ ही मुद्रा पुसली नाही. ध्वनी उचलणाऱ्यांनी तो आदर्श ठेवावा.

सप्ताहाच्या वर्गणीतून मंडप आणि ध्वनिक्षेपक यांची सोय होते. त्यातच गावातील एका मुलाच्या मृदंगशिक्षणाचाही वाटा काढावा. आळंदीस जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, ती कीर्तनपरंपरा माणसांच्या हाती पुढे जावी म्हणूनच. यंत्र आजचा ठेका उद्या जसाच्या तसा देईल. उद्याचा मृदंगी मात्र गावालाच घडवावा लागेल.