कीड ओळखीसाठी छायाचित्र : फाइल कोणत्या स्वरूपात पाठवावी?

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेषा आणि शेपटीकडील आठव्या उदरखंडावर चौकोनी मांडणीतील चार काळे ठिपके, या खुणांवरून ती ओळखली जाते. लहान अळीवर या खुणा मुळातच अस्पष्ट असतात. छायाचित्रात त्या आणखी पुसट झाल्यास निदान अडते आणि फवारणीचा निर्णय लांबतो किंवा चुकतो. याला कॅमेऱ्याप्रमाणेच फाइलचे स्वरूपही कारणीभूत ठरू शकते.

जेपीईजी : १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र आकार न घटवता साठवल्यास सुमारे ३६ एमबी जागा लागते, जेपीईजीमध्ये तेच काही एमबीत मावते. त्यासाठी प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्यांना सहज न जाणवणारा तपशील वगळला जातो. आकार बेताने घटवल्यास फरक दिसत नाही. फार घटवल्यास मात्र बारीक रेषा, ठिपके व केस आधी नाहीसे होतात. प्रतिमा कापून किंवा उजळ करून पुन्हा साठवली की दर वेळी थोडी हानी होते. फाइलची केवळ प्रत काढल्याने ती होत नाही.

पीएनजी : यात तपशील गमावला जात नाही, मात्र छायाचित्राची फाइल मोठी होते. आलेख, तक्ते व रेखाचित्रांसाठी हे स्वरूप योग्य. जेपीईजीचे पीएनजीत रूपांतर केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

टिफ व रॉ : सूक्ष्मदर्शकाखालील प्रतिमा आणि कायमस्वरूपी संग्रहासाठी टिफ उपयुक्त आहे. रॉमध्ये कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली मूळ माहिती राहते. ती पाहण्यास विशेष सॉफ्टवेअर लागते.

एचईआयसी : काही मोबाइलमधील हे स्वरूप कमी जागेत चांगला दर्जा देते, परंतु प्रत्येक संगणकावर उघडत नाही.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. मोबाइलमध्ये सर्वोच्च दर्जाचे जेपीईजी निवडावे.
२. मूळ फाइल जपून ठेवावी; काटछाट प्रतीवर करावी.
३. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याचा आकार घटवला जातो. त्यामुळे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.
४. पीक, ठिकाण व दिनांक संदेशात स्वतंत्रपणे लिहावे.

मूळ छायाचित्रच अस्पष्ट असेल, तर कोणतेही स्वरूप ते सुधारू शकत नाही. अशा वेळी नव्याने छायाचित्र घ्यावे किंवा अळीचा नमुनाच तज्ज्ञांकडे द्यावा.