वेर्झास्काच्या पाण्यात कराडची पोर

मुलगी वर्षभरासाठी परदेशी जायची ठरली की घरात याद्या सुरू होतात. लोणचं किती, मेतकूट किती, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिकडे... पण ‘तिला पोहता येतं का?’ हा प्रश्न त्या यादीत कुणी घातलेला मी तरी बघितलेला नाही. आमच्या घरीही नव्हता. तिनं स्वतःच शेवटच्या दिवशी पोहण्याचा पोशाख बॅगेत कोंबला, तेव्हा ताई म्हणाली, “बर्फाच्या देशात कुठं पोहणार आहेस बाई?”

ही माझी भाची. ताईची धाकटी लेक. अकरावीत असताना, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, रोटरीच्या युवा आदानप्रदान कार्यक्रमातून ती स्वित्झर्लंडला गेली. यात मुलं एक शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशातल्या कुटुंबात राहतात, तिथल्याच शाळेत जातात, आणि तिकडची मुलं तशीच इकडे येतात. तिचं बिऱ्हाड ल्यूसर्नजवळच्या एका गावात होतं. वर्षभरात तिनं खूप काही केलं, पण घरी आल्यावर तिनं मला सर्वांत जास्त वेळा सांगितला तो एकच दिवस. एका नदीचा.

जून २०१९ चा शेवटचा आठवडा होता. युरोपात उष्णतेची लाट होती. शेजारच्या फ्रान्समध्ये तर पारा ४६ अंशांवर गेला, म्हणजे आपला विदर्भच म्हणा ना! होस्ट आईबाबा, त्यांची मुलगी आणि आमची ही अशी चौघं पहाटेच्या रेल्वेनं दक्षिणेकडे निघाली. वाटेत गोटहार्डचा बोगदा लागतो, ५७ किलोमीटर लांब. २०१६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत लांब रेल्वे-बोगदा ठरला. साताऱ्याहून निघून कराडपर्यंत अंधारातच जायचं, असं काहीसं. बोगद्यात शिरताना सगळ्या पाट्या जर्मन आणि बाहेर पडल्यावर सगळ्या इटालियन! वर्षभर घासून घासून शिकलेली जर्मन तिथं निम्मीच उपयोगाची. भाचीचं तोंडच पडलं म्हणे.

हा तिचिनो नावाचा प्रांत. तिथं वेर्झास्का नावाची नदी एका अरुंद खोऱ्यातून खाली येते आणि माज्जोरे सरोवराला मिळते. पिवळी बस खोऱ्यात चढायला लागली की आधी धरण दिसतं. उंची २२० मीटर. १९९५ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात नायक दोर बांधून उडी मारतो ते हेच. पण आमच्या पोरीला बाँड नाही, कोयना आठवली! आपलं कोयना धरण १०३ मीटर उंच. कराडात राहणाऱ्या माणसाला धरण दिसलं की पहिला विचार ‘पाणी कधी सोडतात?’ हाच येतो. तिनं तो प्रश्न होस्ट बाबांना विचारलाही. ते हसले, म्हणाले, आपण धरणाच्या वरच्या अंगाला जातोय. पण वरच्या अंगालाही डोंगरात पाऊस झाला तर नदी बघता बघता चढते, म्हणून ठिकठिकाणी चार-चार भाषांत धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत.

बस शेवटच्या गावाला थांबते, सोनोन्यो. दगडी घरं आणि छपरंही दगडाच्या चिपांचीच. तिथं एका घरात मेंढीची लोकर झाडपाल्याच्या रंगांत रंगवतात. भाचीनं माझ्यासाठी तिथून पिवळ्या लोकरीची एक गुंडी आणली. मी तिचं अजून काही विणलेलं नाही, नुसती हातात घेऊन बघते.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला सुबत्ताच डोळ्यांपुढे येते. होस्ट आईनं चालता चालता जे सांगितलं ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. हे खोरं एके काळी फार गरीब. बायका पाठीवर वेताच्या उंच टोपल्या लावून डोंगरउतारावरचं गवत वाहून आणायच्या. एकोणिसाव्या शतकात इथली लहान लहान मुलं धुराडी साफ करायला मिलान शहरात पाठवली जायची, अंगानं बारीक म्हणून! मोठी माणसं कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियाला पोटासाठी गेली. आमच्या पाटण खोऱ्यातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्याहून हे काय वेगळं?

सोनोन्योहून नदीच्या काठाकाठानं खाली लाव्हेर्तेत्सो गावापर्यंत पायवाट आहे. साधारण चार तासांची. तिकडच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. ‘अमुक गाव, दीड तास.’ डोंगरवाटेवर दगडांना पांढरा-लाल-पांढरा पट्टा मारलेला. देशभर अशा ६५ हजार किलोमीटर वाटा आखलेल्या आहेत म्हणे. त्यामुळे वाटाड्या लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही, एकटी बाईसुद्धा पाठपिशवी घेऊन बिनधास्त निघते. आमच्या पोरीला या गोष्टीचं नदीपेक्षाही जास्त अप्रूप वाटलं होतं. दुपारी एका दगडावर बसून पाव, चीज आणि उकडलेली अंडी खाल्ली. पावाला तिनं शेवटची उरलेली लसणीची चटणी लावली, होस्ट बाबांचे डोळे पाण्यानं भरले, तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली.

आणि मग नदी. पाणी हिरवं, पाचूसारखं, आणि इतकं नितळ की तळातला एकेक गोटा मोजावा. खडक गुळगुळीत, राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचे. इथंच फसगत होते. नितळ पाणी असतं त्याहून उथळ दिसतं. गुडघाभर वाटलं ते गळ्याइतकं निघतं. शिवाय बाहेर ऊन कितीही रणरणतं असलं तरी पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं.

भाची धावतच निघाली होती. होस्ट आईनं दंडाला धरून थांबवलं. आधी बघायचं, म्हणाली. पाणी कुठून जोरात येतंय, कुठं फिरतंय, कुठं मंदावतंय आणि मुख्य म्हणजे आपण बाहेर कुठून निघणार. मग मनगटं, मान, छाती ओली करायची आणि हळूहळू उतरायचं. तापलेल्या अंगानं गार पाण्यात उडी मारली की एकदम मोठा श्वास ओढला जातो, आपल्या हातात राहत नाही तो, आणि तेवढ्यात तोंडात पाणी गेलं की संपलं. पट्टीचे पोहणारे असे जातात. म्हणून पहिली मिनिट-दोन मिनिटं नुसतं तरंगायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा. आणि फार वेळ थांबायचं नाही, कारण दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. ‘तापलेल्या अंगानं उडी नको, अनोळखी पाण्यात सूर नको, लांब अंतर एकट्यानं नको’ हे नियम तिथल्या जीवरक्षक संस्थेनं ठरवून दिलेत आणि ते पोराटोरांना पाठ असतात.

होस्ट बहीण आधीच खालच्या बाजूला वाळूच्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. का, ते भाचीला नंतर कळलं. डोह पार करून ती पलीकडच्या खडकाला लागली, दम घेतला. परत येताना मात्र मध्यावर प्रवाहानं ओढलं. “मावशी, पायाखालून कुणी चादर ओढावी तसं झालं गं!” किनारा समोर दिसतोय आणि आपण तिरक्याच चाललोय. कृष्णेकाठच्या पोरीला एवढं माहीत होतं की धारेशी भांडायचं नाही. ती पाठीवर झाली, पाय पुढे केले, म्हणजे दगड आला तरी डोक्याला नको, पायाला लागावा, आणि वाहत वाहत खालच्या पट्टीवर बहिणीसमोर जाऊन टेकली. ओठ निळे, दात वाजतायत, आणि ही हसतेय!

लाव्हेर्तेत्सोला दोन कमानींचा जुना दगडी पूल आहे. त्यावरून पोरं उड्या मारतात. पुलाच्या नावातच ‘उड्या’ हा शब्द आहे. हिलाही खुमखुमी आली. होस्ट आईनं एवढंच विचारलं, “खालचा डोह तू पाहिलायस का?” नव्हता पाहिला. नाही मारली उडी. मला विचाराल तर त्या दिवसातलं माझं सगळ्यांत आवडतं हेच. कुणी ‘मुलीच्या जातीनं’ म्हणालं नाही, कुणी ओरडलं नाही. कारण विचारलं, कारण पटलं.

चारच्या सुमारास उत्तरेकडच्या शिखरांवर ढग दिसले. यांच्या डोक्यावर लख्ख ऊन. होस्ट बाबा म्हणाले, चला, बाहेर. बाकीचे लोक पाण्यातच होते. पाऊस काही आला नाही. “उगाच घाबरलात का?” असं हिनं बसमध्ये विचारलं, तर ते म्हणाले, “दहापैकी नऊ वेळा उगाचच असतं.”

घरी हे फोनवर कळलं तेव्हाची प्रश्नोत्तरं ऐकण्यासारखी होती. ताईचा पहिला प्रश्न, “अंगात काय घातलं होतंस?” आजीचा, “पाय टेकत होते का?” दाजींना पंधरा दिवस कुणी सांगितलंच नाही.

पण ती पोहायला शिकली ती याच घरात. आजोबांनी मळ्यातल्या विहिरीवर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकवलं. त्यांच्या लहानपणी वाळलेला भोपळा असायचा. तिच्याबरोबर भावकीतल्या आणखी पाच मुली होत्या. बारा-तेराव्या वर्षी एकेकीचं पाणी बंद झालं. “मोठी झाली आता.” मुलगे मात्र प्रीतिसंगमावर उड्या मारतच राहिले. हिचंही बंद होणार होतं, पण आजोबा हट्टाला पेटले म्हणून राहिलं.

जुलैत ती परत आली आणि ऑगस्टमध्ये तो महापूर. कृष्णा-कोयनेनं कराडच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घातलं, सांगली-कोल्हापूरचे हाल तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. आमच्या महिला मंडळाच्या बायका भाकऱ्या थापून पाठवत होत्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. गेलेल्यांत बायका आणि लेकरंच जास्त. अशा पुरात पोहणाऱ्याचंही काही चालत नाही, जीवरक्षक जाकीटच अंगात हवं, हे मला माहीत आहे. तरीही त्या रात्री भाकऱ्या थापता थापता आम्ही मोजलं. आम्ही चौदा जणी होतो, सगळ्यांचं आयुष्य नदीकाठी गेलेलं. पोहता येणारी एकही नव्हती. येत होतं ते फक्त भाचीला, आणि ती कोपऱ्यात पीठ मळत होती.

२०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला, पुढचाही तसाच. २०२२ च्या मे महिन्यात त्याच विहिरीवर नऊ मुली आणि दोन आया आल्या. सकाळी सहा ते साडेसात पुरुषांना तिकडे मज्जाव. लेगिंग आणि अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, ओढणी काठावर. एका आईनं साडीतच उतरते म्हटलं, तेव्हा भाचीनं तिला पायरीवर बसवून ओला पदर किती जड होतो ते हातात धरून दाखवलं. काठावरच्या रामफळाला बांधलेला दोर कायम पाण्यात सोडलेला असतो. पोहणारी एक जण आत आणि एक वर असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि पहिले दोन दिवस पायरी सोडून पुढं जायचं नाही. काठावरच बसून पाणी बघायचं.