"स्पीड किती?" : छर्रा, हवा आणि एअर रायफलचं ट्यूनिंग

जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी हातात घेतली असेल. (फुगा फुटला नाही की दोष बंदुकीला, हे ठरलेलं!) पण हाच खेळ सिरियसली घेणाऱ्यांच्यात गेलात की पहिला प्रश्न हमखास येतो, "स्पीड किती?" मोटारसायकल दिसली की आपण "ॲव्हरेज किती देते?" विचारतो ना, अगदी तसंच. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात आकडाही छापलेला असतो, १२०० फूट प्रति सेकंद वगैरे. या एका आकड्यावर रायफल आणि छर्रे निवडले की पैसे जातात आणि नेमही लागत नाही. का, ते समजायला फर्स्ट इयरचं फिजिक्स पुरतं.

आधी छर्रा बघू. नेहमीचा छर्रा शिशाचा आणि डमरूच्या आकाराचा असतो. पुढे भरीव डोकं, मध्ये कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. या घेराला स्कर्ट म्हणतात. मागून हवेचा दाब आला की स्कर्ट फुलतो आणि बॅरलमधल्या पिळदार खाचांत घट्ट बसतो, त्यामुळे हवा निसटत नाही. बाहेर पडल्यावर वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे, म्हणजे बॅडमिंटनचं शटलच म्हणा. शिवाय पिळामुळे गिरकी मिळते ती वेगळीच.

हा आकार ध्वनीच्या वेगाच्या बराच खाली छान चालतो. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ११२५ फूट. त्याच्या जवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो, छर्रा हेलकावे खायला लागतो आणि कागदावरची भोकं विखुरतात. आता खोक्यावरचे १२०० फूट आठवा! हा आकडा बहुधा अगदी हलक्या, शिसं नसलेल्या मिश्रधातूच्या छऱ्यानं काढलेला असतो. तो सुटतो जोरात आणि दमतोही लवकर. लांबवरच्या नेमासाठी शिशाचा, गोल डोक्याचा छर्रा २४० ते २८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास ठेवतात. चपट्या डोक्याचा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणून १० मीटरच्या स्पर्धेत तोच. तिथे वेग जेमतेम १७० ते १८० मीटर असतो आणि टार्गेटवरचा १० चा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा! ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला विश्वविजेता झाला, तो याच प्रकारात.

आता वाऱ्याचं गणित, कारण खरी गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं, छर्रा जितका वेळ हवेत तितका वारा त्याला ढकलणार. तसं नाही. बाजूचा वारा W असेल तर सरकणं = W × (प्रत्यक्ष लागलेला वेळ − अडथळाच नसता तर लागला असता तो वेळ). म्हणजे महत्त्वाचा आहे अडथळ्यामुळे झालेला उशीर. समजा छर्रा २४० मीटर प्रति सेकंदाने सुटला आणि ५० मीटरला पोचायला त्याला ०.२३७ सेकंद लागले. अडथळ्याविना ०.२०८ लागले असते. उशीर ०.०२९ सेकंद. झाडाची पानं हलवणारा २ मीटर प्रति सेकंदाचा वारा याला जवळजवळ ६ सेंटिमीटर बाजूला नेतो. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'फील्ड टार्गेट' या खेळात पत्र्याचं चित्र पाडायचं असतं आणि त्यातलं मोठ्यात मोठं भोक ४० मिलिमीटरचं. म्हणजे वारा न ओळखता नेम मधोमध धरला, तर छर्रा भोकाच्या बाहेरच. हलका छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पळवला की हा उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. स्पीडवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग ट्यूनिंग कशाचं करायचं? दोन छऱ्यांच्या वेगातला फरक कमी करण्याचं. ५० मीटरवर वरचा छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे २७ सेंटिमीटर खाली येतो. वेगात २ टक्के फरक पडला तर हे पडणं ४ टक्क्यांनी बदलतं, म्हणजे सेंटिमीटरभर वर-खाली. तुमचा हात कितीही स्थिर असो, इथे त्याचा उपयोग नाही.

पीसीपी रायफल, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली. तिच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. चाप ओढला की हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. रेग्युलेटर नसेल तर टाकी गच्च भरलेली असताना तोच दाब व्हॉल्व्ह मिटून धरतो, म्हणून सुरुवातीचे शॉट चक्क हळू जातात! दाब उतरला की वेग चढतो, माथ्यावर थोडा वेळ टिकतो, मग घसरतो. शहाणा माणूस टाकी गच्च भरत नाही, त्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडे जेवढे शॉट बसतील तेवढीच भरतो.

रेग्युलेटर असेल तर दाब बांधलेला असतो. मग हॅमरची स्प्रिंग थोडी थोडी घट्ट करत प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफवर वेग मोजायचा आणि आलेख काढायचा. वेग चढतो आणि एका जागी सपाट होतो. त्यापुढे स्प्रिंग आवळली तर फक्त हवा वाया जाते आणि आवाज वाढतो. सपाटीच्या दोन-तीन टक्के अलीकडे थांबायचं. तिथे आलेखाचा चढ मंद असतो, त्यामुळे हॅमर एखाद्या वेळी किंचित कमी-जास्त आदळला तरी वेग फारसा हलत नाही. दहा शॉट मोजा, सरासरीबरोबर स्टँडर्ड डेव्हिएशनही काढा (एम-थ्रीचा पेपर अखेर कामी आला). रायफल रात्रभर ठेवल्यावर रोज पहिलाच शॉट जोरात जात असेल तर स्प्रिंगला हात लावू नका. रेग्युलेटर झिरपत असण्याची शक्यता जास्त.

इथे कायद्याचं कलम येतं आणि ते आपल्या गणितातच बसतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरची एअर रायफल ठेवायला परवाना लागतो. अर्धा एम व्ही वर्गात घालून बघा : ०.५४ ग्रॅमच्या छऱ्याला ही मर्यादा २७२ मीटर प्रति सेकंदाला येते, ०.६७ ग्रॅमच्याला २४४ लाच. आणि मेख अशी, की पीसीपीत जड छर्रा घातला की वेग उतरतो पण ऊर्जा बहुधा वाढते, कारण तो बॅरलमध्ये जास्त वेळ राहतो आणि हवेला काम करायला अवधी मिळतो. म्हणजे हलक्या छऱ्यावर नियमात बसणारी रायफल जड छऱ्यावर बाहेर जाऊ शकते. ऊर्जा मोजायची तर तुम्ही जो छर्रा वापरणार त्याच्यावरच मोजा. स्प्रिंगवाल्या बंदुकीचं बरेचदा उलट असतं, आणि तिचा पिस्टन पुढे-मागे असा दुहेरी धक्का देतो तो विषय वेगळाच. (रूमवर बंदूक ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आताच काढून टाका. रेंजवरच्या कपाटात ती सुखात राहते. २० ज्यूल माणसाच्या डोळ्याला फार होतात.)

शेवटी छर्रा कुठला घ्यायचा? उत्तर बॅरल देतं. एकाच कंपनीचे छर्रे डोक्याच्या मापाने ४.५०, ४.५१, ४.५२ असे मिळतात आणि एक बॅरल एकावर खूश, दुसरं दुसऱ्यावर. म्हणून चार-पाच प्रकारचे थोडेथोडे आणायचे, रायफल टेकवून, वारा नसताना प्रत्येकाचे पाच-पाच शॉटचे निदान तीन ग्रुप काढायचे. छर्रा बदलला की पहिले दहा-वीस शॉट सोडून द्या, बॅरलमध्ये नव्या शिशाचा थर बसेपर्यंत ग्रुप भरवशाचा नसतो. मोठे नेमबाज तर रायफल शिकंज्यात आवळून एकेक बॅच तपासतात आणि जी जमली त्याच बॅचचे हजारो छर्रे उचलून ठेवतात. स्कर्ट चेपलेले छर्रे वेगळे काढा, ते सरावालासुद्धा नकोत. आणि कँटीनला वडापाव खायला जायच्या आधी हात साबणाने धुवा, बोटांना लागलेलं ते काळं शिसंच असतं.