तळ्यांच्या मुलखातला बिनगाड्यांचा रस्ता

आजचा विषय सायकल-प्रवासाचा आहे, पण सायकल कोणती घ्यावी, गिअर किती असावेत याबद्दल मी फार बोलणार नाही. मला बोलायचंय रस्त्याबद्दल. खरं सांगायचं तर रस्त्याखालच्या जमिनीबद्दल. कारण मोटारी नसलेला, सलग, सपाट, तळ्यांच्या शेजारून जाणारा असा शंभर किलोमीटरचा रस्ता कुठे आहे असं ऐकलं, की पहिला प्रश्न मनात यायला हवा तो हा : एवढी सलग पट्टी यांना मिळाली कुठून?

उदाहरण घेतो आयर्लंडचं. नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्व किनाऱ्यावर डब्लिन, पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे, आणि मध्ये देशाचा सखल पोटाचा भाग. इथे डोंगर नाहीत. खाली चुनखडीचा दगड, वर हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली माती आणि गोटे, आणि जिथे पाण्याला वाहून जायला उतार सापडला नाही तिथे दलदल आणि तळी. तळ्याला तिकडे 'लॉख' म्हणतात. मलिंगार नावाचं गाव आहे, त्याच्या उत्तरेला लॉख ओल, दक्षिणेला लॉख एनेल. या एनेलच्या काठी लिलिपुट नावाची जागा आहे. हो, गलिव्हरच्या गोष्टीतलंच नाव. आणखी पश्चिमेला शॅनन नदी, आणि तिच्याच प्रवाहात पसरलेलं मोठं लॉख री. त्याच्या दक्षिण टोकाजवळ ॲथलोन हे गाव.

आता गंमत बघा. उतार नाही म्हणून तळी झाली. आणि उतार नाही म्हणूनच इथे कालवा खोदणं परवडलं. म्हणजे सायकलवाल्याला जे दोन सुखं एकत्र मिळतात, शेजारी पाणी आणि पायाखाली सपाट वाट, त्यांचं मूळ कारण एकच आहे.

हा कालवा म्हणजे रॉयल कॅनाल. 1790 मध्ये काम सुरू झालं आणि 1817 मध्ये तो शॅननपर्यंत पोचला. लांबी 146 किलोमीटर. सपाट म्हटलं तरी जमीन थोडी चढते, मग उतरते, आणि कालव्यातलं पाणी तर चढणार नाही. म्हणून 46 ठिकाणी लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी खोली. नाव आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, नाव पाण्याबरोबर वर येते. उतरताना उलटं. पण प्रत्येक वेळी ती खोलीभर पाणी खालच्या अंगाला निघून जातं. नाव डब्लिनकडे उतरो की शॅननकडे, पाणी जातं ते माथ्यावरचंच. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? कालव्याचा माथा मलिंगारजवळ आहे, आणि त्याहून थोडं उंचावर लॉख ओल आहे. तिथून एक छोटा पाट काढला, पाणी आपोआप येतं, पंप नको काही नको. तळं नसतं तर हा कालवा चाललाच नसता.

नावा ओढायला घोडे. नावेला लांब दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला काठावरून चालणारा घोडा. त्यासाठी पाण्याच्या अगदी कडेने, कुठेही न तुटणारी वाट राखावी लागली. झाड मध्ये चालणार नाही, कुंपण चालणार नाही, कारण दोर अडकेल. पुलाखालूनसुद्धा वाट नेली. दोन लॉकच्या मधली वाट जवळजवळ समपातळीत, आणि लॉकपाशी तेवढा छोटासा चढ. आज सायकल चालवणारा त्या घोड्याच्या वाटेवरून जातो. मेनूथपासून शॅननकाठच्या क्लोंडारापर्यंत 130 किलोमीटरचा हा ग्रीनवे 2021 मध्ये रीतसर खुला झाला.

मधल्या काळात काय झालं? रेल्वे आली. 1845 मध्ये मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीने अख्खा कालवाच विकत घेतला. मालवाहतुकीसाठी नव्हे हो! कालव्याशेजारची सलग जमीन रुळांसाठी हवी होती. डब्लिन ते मलिंगार गाडी आजही कालव्याच्या सोबतीने धावते. 1961 मध्ये कालवा नावांसाठी बंद झाला, गवत माजलं, काही ठिकाणी कोरडा पडला. 1974 पासून स्वयंसेवकांनी तो साफ करायला घेतला आणि 2010 मध्ये नावा पुन्हा सुरू झाल्या. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की बंद असलेल्या काळातही ती पट्टी तुकडे करून विकली गेली नाही.

दुसरा वारसा रेल्वेचा. मलिंगार ते ॲथलोन हा लोहमार्ग 1851 चा. मुळात दुहेरी होता. 1920च्या दशकाच्या अखेरीस खर्च वाचवायला एक रूळमार्ग काढला, आणि 1987 मध्ये उरलेल्या मार्गावरच्या प्रवासी गाड्याही थांबल्या. 2015 मध्ये तिथे सुमारे 43 किलोमीटरचा सायकलमार्ग झाला, तोही कसा, तर काढून टाकलेल्या रुळांच्या मोकळ्या जागेवर. उरलेला रूळ बाजूला गवतात अजून आहे. वाटेत मोट नावाचं गाव लागतं (आपल्या विहिरीवरच्या मोटेशी संबंध नाही). तिथलं जुनं स्टेशन शॉन कॉनरीच्या 'द फर्स्ट ग्रेट ट्रेन रॉबरी' या सिनेमात दिसतं.

रेल्वेची पट्टी सायकलला इतकी का मानवते? लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वेला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे तर मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मैदानी मुलखात इंजिनिअर शंभराला एकच्या वर जायला नाखूश असतात. टेकडी आली की खोदायची, खड्डा आला की भराव टाकायचा. तो सगळा खर्च दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलाय. शिवाय बरेच गावरस्ते दगडी पुलांवरून वरून जातात, म्हणजे मोटारींशी गाठच पडत नाही. आठ वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच वाटेवर निर्धास्त चालवू शकतात, ते यामुळे.

मग डब्लिन ते गॉलवे सगळाच मार्ग का झाला नाही? कारण ॲथलोनच्या पुढे गॉलवेकडे जाणारा लोहमार्ग चालू आहे! तिथे रिकामी पट्टी नाही. मार्ग न्यायचा तर शेतांतून न्यायचा. शेतकरी म्हणाले, गोठा एका बाजूला, कुरण दुसऱ्या बाजूला, दिवसातून दोनदा गायी कशा न्यायच्या? सक्तीने जमीन घेतली जाईल ही धास्ती होतीच. 2015 मध्ये सरकारने शॅननच्या पश्चिमेचं काम थांबवलं.

ही नुसती आडमुठेपणाची गोष्ट नाही. आयर्लंडमधला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराचं कूळ होता. 1903च्या आणि त्याच्या मागच्यापुढच्या कायद्यांनी तो मालक झाला. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबारा झाला, त्यांना ही भावना समजावून सांगायला नको.

पुढे 2018 मध्ये सरकारने ग्रीनवेंचं धोरण आणलं आणि 2021 मध्ये जमीन घेण्याची आचारसंहिता. आधी सरकारी जागा बघायची, शेत मधोमध कापणं टाळायचं, शेतकऱ्याशी सुरुवातीलाच बोलायचं, आणि सहकार्य करणाऱ्याला किमतीशिवाय वेगळी रक्कम द्यायची. पश्चिम किनाऱ्यावर मेयो परगण्यात वेस्टपोर्ट ते ॲकिल या मार्गावर वेगळीच तऱ्हा झाली होती. तिथली रेल्वे 1937 लाच बंद पडलेली, पट्टी शेतांत विरलेली. शेतकऱ्यांनी मालकी स्वतःकडे ठेवून नुसती जाऊ देण्याची परवानगी दिली आणि 2011 मध्ये मार्ग पुरा झाला. माझ्या मते पहिल्या पद्धतीला वेळ लागतो पण ती टिकते. परवानगी मागे घेता येते, म्हणून दुसरी पद्धत कायम थोडी उसनी राहते. ॲथलोनला शॅननवर सायकलींचा सुंदर पूल 2023 मध्ये झाला. तो ओलांडून तुम्ही पश्चिम काठावर उतरता. पुढचा सलग मार्ग अजून बांधून झालेला नाही.

एक अवांतर. 2011 ते 2014 या काळात तिथलं वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खातं सांभाळणारे मंत्री होते लिओ वराडकर, पुढे पंतप्रधान झाले. वडिलांकडून त्यांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

आता ज्यांच्या मनात जायचा विचार घोळायला लागलाय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तिकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो. तेव्हा गाडीने ॲथलोनला जा, आणि तिथून मलिंगार, मग कालव्याने मेनूथकडे या. शंभरेक किलोमीटर, वारा पाठीशी, मलिंगारला मुक्काम. उलटं केलंत तर सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं वाटेल. दुसरं, जुन्या रेल्वेमार्गावर डांबर आहे, कालव्याच्या काठी बऱ्याच भागात बारीक दाबलेली खडी. फार बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नका. आणि गाडीत सायकलीच्या जागा मोजक्याच असतात, तिकिटाबरोबर तीही राखून ठेवा.

आता प्रश्न घेऊया.