सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: प्रश्न आधी, शोध नंतर

भांडुपहून बोलतोय. आजचा विषय सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. म्हणजे एकाच प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या पद्धतीने शोधायचे, पारखायचे आणि मग एकत्रित उत्तर काढायचं. हे घरबसल्या शिकता येतं. कोर्सेरावर जॉन्स हॉपकिन्सचा कोर्स आहे, कॉक्रेनची स्वतःची ऑनलाइन मॉड्युल्स आहेत. आपल्या बीटेकवाल्यांना यातलं गणित फार जड जात नाही. जड जातो तो संयम.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी पोचवली. 39 गावांत ही सेवा होती, तुलनेसाठीच्या 47 गावांत नव्हती. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात 62 टक्के घट.

आता हे देशभर करायचं का? निकाल जबरदस्त आहे, पण ती एका जिल्ह्यातली, एका झपाटलेल्या टीमची गोष्ट. कुठल्या गावांना सेवा द्यायची हेही चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. दुसरीकडे जमेल का, हे एकटा अभ्यास सांगू शकत नाही.

2010 साली डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमध्ये गोगिया आणि सचदेव यांचा रिव्ह्यू आला. निकषांत बसलेल्या चाचण्या फक्त पाच, पाचही दक्षिण आशियातल्या. एकत्रित रिस्क रेशो 0.62. इथे थांबा हं! 0.62 म्हणजे 62 टक्के घट नव्हे, 38 टक्के घट. आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.44 ते 0.87, म्हणजे खरी घट 56 टक्केही असेल, 13 टक्केही. आकडा गडचिरोलीपेक्षा लहान आहे, पण धोरण आखणाऱ्याला जास्त कामाचा. 2011 पासून आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात, तो कार्यक्रम याच विचारातला.

कोर्समध्ये सगळ्यात जास्त घोटून घेतात तो प्रोटोकॉल. कोणते पेशंट, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणता परिणाम मोजायचा, हे शोध सुरू करण्याआधी लिहायचं आणि प्रॉस्पेरोसारख्या ठिकाणी नोंदवायचं. आपल्या भाषेत, कोडच्या आधी टेस्ट. नाहीतर हाती काय लागतंय ते बघून निकष वाकवायचा मोह होतोच.

मग शोध. इथे ऑर आणि अँड बघून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. फक्त 'न्यूबॉर्न' टाकून भागत नाही, 'निओनेट' टाकायचं, 'इन्फंट' टाकायचं, आणि तेही एकाच डेटाबेसमध्ये नाही. हजारो शीर्षकं येतात. ती दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता चाळायची. मतभेद झाला तर चर्चा, नाहीतर तिसरा माणूस. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. एआय टूलने रांग लावून दिली तर चालेल, पण वगळलेल्या पेपरचं कारण माणसाला देता आलं पाहिजे.

हात बसवायचा असेल तर कॉक्रेन क्राउडवर जा. तिथे डॉक्टर असण्याची अट नाही, पैसे पडत नाहीत. आधी छोटं ट्रेनिंग देतात, मग पेपरचा सारांश वाचून ही रँडमाइज्ड चाचणी आहे की नाही एवढंच सांगायचं. भांडुप ते सीएसएमटी, बसायला मिळालं तर, आठ-दहा सहज होतात.