मुलांच्या फोनवर पहारा : काळजी की अविश्वास?

मुलगा रात्री दार लावून फोनवर कोणाशी बोलतो, हे आईवडिलांना कळायला हवे की नको? सर्वोच्च न्यायालयाने दिलेला हक्क घराच्या उंबरठ्याच्या आत किती चालतो?

२०१७ साली दिल्ली आणि तिच्या शेजारच्या गुरुग्राममध्ये अवघ्या पंधरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, आपले खाजगी आयुष्य खाजगी ठेवणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ८ सप्टेंबरला गुरुग्राममधील एका मोठ्या शाळेच्या स्वच्छतागृहात दुसरीत शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाची गळा चिरून हत्या झाली.

पहिली बातमी वाचून बहुतेक आईवडिलांनी वर्तमानपत्राचे पान उलटले असेल. दुसऱ्या बातमीने मात्र दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबादच्या घराघरांतली झोप उडवली. मूल डोळ्यांआड झाले की जीव टांगणीला लागू लागला. शाळेच्या बसमध्ये, फाटकावर, वर्गात, सगळीकडे कॅमेरा हवा आणि मुलाच्या हाती फोन हवा, म्हणजे तो कुठे आहे ते कळेल, अशी मागणी सुरू झाली. फोन हाती आला आणि मग त्या फोनचीच काळजी लागली. आज शहरातल्या कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर जे खटके उडतात, ते या दोन घटनांमधलेच भांडण आहे.

दारावरची थाप

खाजगीपणा हे श्रीमंतांचे किंवा पाश्चात्त्यांचे चोचले आहेत, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पिढीला तर ही कल्पनाच परकी. दोन खोल्यांत आठ माणसे राहत, तिथे कसले आले खाजगी? पण ज्या माणसामुळे हा प्रश्न आपल्या न्यायालयात ठळकपणे उभा राहिला, तो श्रीमंत नव्हता आणि पाश्चात्त्य तर मुळीच नव्हता.

उत्तर प्रदेशातील खरकसिंह याला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले आणि पुराव्याअभावी सोडून दिले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार त्याच्या घरी येत, दार ठोठावत, हाका मारून उठवत. तो कुठे जातो, कोण त्याच्याकडे येते याची टिपणे ठेवत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या, पण खाजगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते. जिथे सतत कोणीतरी पाहत आहे, तिथे माणूस मोकळेपणाने वावरूच शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांचे म्हणणे मान्य व्हायला पंचावन्न वर्षे लागली.

तो दिवस आणला तो एका वृद्ध गृहस्थाने. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध याचिका केली. सरकारच्या वतीने जुन्या निकालांचा दाखला देऊन सांगण्यात आले की, असा काही मूलभूत हक्कच नाही. म्हणून प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि सरकारचे म्हणणे टिकले नाही. पुट्टस्वामी २०२४ मध्ये, ९८ व्या वर्षी वारले.

मराठी वाचकांना या निकालात आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, अटक झालेल्या नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल चार विरुद्ध एक अशा मतांनी लागला होता, आणि त्या चौघांत वडील होते. एकेचाळीस वर्षांनी मुलाने तो निकाल गंभीर चुकीचा असल्याचे लिहून रद्दबातल ठरवला. वडिलांशी मतभेद असणे म्हणजे त्यांचा अवमान नव्हे, हे घरोघरीच्या कर्त्या पुरुषांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

वर्गात कॅमेरा

आता गुरुग्रामकडे. हत्येच्या दिवशीच हरियाणा पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला अटक केली आणि त्याने गुन्हा कबूल केल्याचे सांगितले. लोक संतापले होते, त्यांना आरोपी मिळाला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले गेले. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी, हा हेतू असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. गरीब कंडक्टर दोन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढून जामिनावर सुटला आणि २०१८ मध्ये आरोपमुक्त झाला. लक्षात घ्या, त्या शाळेत कॅमेरे होते.

तरीही या प्रकरणानंतर कॅमेऱ्यांवरचा विश्वास कमी न होता वाढला. दिल्ली सरकारने आपल्या शाळांच्या वर्गावर्गांत कॅमेरे लावायचे ठरवले आणि २०१८ च्या आरंभी जाहीर केले की, वर्गातले थेट चित्रण पालकांना मोबाइलवर पाहता येईल. जुलै २०१९ मध्ये लाजपत नगरच्या एका सरकारी शाळेत योजनेचे उद्घाटन झाले. मुले शाळेत शिकायला येतात, त्यात खाजगी असे काय आहे, असा तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात योजनेला स्थगिती द्यायला नकार दिला. नंतर पालकांची आणि शिक्षकांची संघटना उच्च न्यायालयात गेली.

मुख्यमंत्र्यांचा सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण वर्गात फक्त स्वतःचे मूल नसते. चाळीस मुलींच्या वर्गाचे चित्रण चाळीस घरांत दिसणार, आणि त्या चाळीस घरांत फोन कोणाच्या हाती असेल, याची खात्री कोण देणार? फळ्यापाशी उत्तर चुकलेला मुलगा, गणवेशाला ठिगळ लावलेली मुलगी, कान धरून उभा केलेला विद्यार्थी, हे सारे शेजारच्या काकूंनाही दिसणार. शिक्षकाने वर्गात एखादा विनोद करावा की नाही, असाही प्रश्न पडेल. सुरक्षिततेसाठी शाळेच्या फाटकावर, जिन्यात, मोकळ्या जागी कॅमेरा असणे आणि मूल शिकत असताना त्याचा चेहरा दूरवर प्रक्षेपित होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असे मानण्याची चूक सरकारच नव्हे, आईवडीलही करतात.

बहुरूपी आणि त्याची वही

मुलांना वाटते की आपले गुपित फोनमध्ये सुरक्षित आहे. विशेषतः खेळांमध्ये. पात्र घेऊन खेळायच्या काल्पनिक जगातल्या खेळांत दहावीतला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा जादूगार होतो, सेनापती होतो, किल्ला राखतो. त्याचे तिथले नाव वेगळे, रूप वेगळे. हे काही वाईट नाही. पूर्वी गावात बहुरूपी यायचा, आज पोलीस तर उद्या देव. मुले अंगणात राजा-प्रधान खेळायची. सोंग घेण्याची हौस जुनीच आहे, आणि लाजाळू मुलाला सोंगाच्या आडून चार शब्द बोलता येत असतील, तर ते त्याच्या फायद्याचेच आहे. खेळताना मुलगा बिघडलाच, असे समजून घरात आदळआपट करणाऱ्या वडिलांनी एकदा शेजारी बसून तो खेळ पाहावा.

मात्र आता बहुरूप्याच्या पाठीमागे एक माणूस वही घेऊन फिरतो आहे. मुलगा किती वाजता खेळायला बसतो, किती वेळ खेळतो, कुठल्या शहरातून, कोणाच्या संगतीत, हरल्यावर पैसे खर्च करतो का, हे सारे त्या वहीत उतरते. खेळ फुकट असतो तो याचमुळे: काही कंपन्या खेळातल्या वस्तू विकून कमावतात, काही जाहिरातींवर, आणि जाहिरातीला माहिती लागते. शिवाय चमूने खेळायच्या खेळांत अनोळखी माणसांशी माइकवर बोलणे होते. समोरचा सेनापती बारा वर्षांचा आहे की बेचाळीस वर्षांचा, हे आवाज न ऐकता कळत नाही, आणि ऐकूनही नेहमी कळतेच असे नाही.

मोठ्यांच्या लढाया या खेळांत कशा उतरतात, हेही २०२० मध्ये दिसले. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत वीस भारतीय जवान शहीद झाले. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात मुलांचा लाडका पबजी मोबाइल होता. वापरणाऱ्यांची माहिती गुपचूप देशाबाहेरील सर्व्हरवर पाठवली जाते, असे कारण सरकारने दिले होते. टाळेबंदीत घरात कोंडलेली मुले हिरमुसली. पुष्कळ आयांनी सुटकेचा श्वास टाकला. पण आपल्या मुलाची कोणती माहिती गेली आणि ती परत मिळेल का, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी तोच खेळ भारतासाठी नवे नाव घेऊन आला आणि मुले पुन्हा मैदानात उतरली.

एकदा निसटले की

दिल्लीला या बाबतीत जुना आणि कडू अनुभव आहे. २००४ मध्ये राजधानीतील एका शाळेच्या दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांची खाजगी चित्रफीत फोनवरून फोनवर पसरली आणि शेवटी एका संकेतस्थळावर विक्रीला लागली. संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली. कोणाचे खाजगी चित्र त्याच्या संमतीविना काढणे वा पसरवणे यासाठी तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळे कलम नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने ते आले, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला.

कलम आले म्हणून वृत्ती बदलली नाही. मे २०२० मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरील एक गट उघडकीला आला. त्यात ओळखीच्या मुलींची छायाचित्रे टाकून घाणेरडी चर्चा चालत असे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा अनेक घरांत पहिला प्रश्न निघाला तो, ‘मुलींनी फोटो टाकलेच कशाला?’ मुलीचा फोन काढून घेणे सोपे असते. मुलाला बसवून, दुसऱ्याचा फोटो ही दुसऱ्याची वस्तू आहे, हे समजावणे कठीण जाते, म्हणून ते राहून जाते.

२०१७ च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांविषयी मुद्दाम लिहिले आहे. अक्षरे गिरवण्याच्या वयापासून मुले इंटरनेटवर ठसे सोडत जातात आणि बालवयातील नादानपणाची शिक्षा त्यांना जन्मभर भोगावी लागू नये, असे त्यांनी म्हटले. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घेणे, मुलांवर पाळत न ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती न दाखवणे, ही बंधने त्यात आहेत. मुलांसंबंधीची कर्तव्ये मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. शिवाय सतरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी यांना एकाच मापाने मोजणे हे या कायद्यातले वैगुण्यच म्हणावे लागेल.

हीच कसोटी घरात

मग आईवडिलांनी काय करावे? फोनवर नजर ठेवू नये, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती कुलूपबंद फोन देऊन निश्चिंत होणे ही बेफिकिरीच. पण न्यायालयाने सरकारला जी कसोटी लावली, तीच घरात लावून पाहता येते. सरकारला कोणाच्या खाजगी आयुष्यात डोकवायचे असेल, तर आधी तसा कायदा हवा, कारण योग्य हवे आणि डोकावणे गरजेपेक्षा जास्त नको.

घरात याचा अर्थ असा की, फोन देतानाच सांगावे: आम्ही तो पाहू शकतो, कधी पाहू आणि का पाहू. मुलगा झोपल्यावर त्याचे बोट लावून फोन उघडणे यात बसत नाही. त्याला न सांगता हेरगिरीचे ॲप बसवणे तर नाहीच, कारण त्या ॲपच्या मालकाकडेही मुलाची सारी माहिती जाते, हे आईवडील विसरतात. मूल अचानक जेवेनासे झाले, फोन वाजला की दचकू लागले, अनोळखी माणूस त्याला पैसे वा फोटो मागतो आहे असा संशय आला, तर विचारण्याची आणि पाहण्याचीही वेळ आली, असे समजावे. मैत्रिणीशी दोन तास काय बोलत होती, हे कारण पुरेसे नाही. जे वाचले ते आत्या-मावशीच्या फोनवर पोचवणे तर सरळ विश्वासघात आहे. अशा प्रकारे एकदा पकडली गेलेली आई पुढच्या खऱ्या संकटाची बातमी सगळ्यांत शेवटी ऐकते. आणि धमकी, ब्लॅकमेल असा प्रकार असेल, तर संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर कळवावे.

एक गोष्ट राहिली. मुलांची खाजगी माहिती जगापुढे मांडण्यात आईवडीलही मागे नाहीत. बारशाचा, आंघोळीचा, पहिल्यांदा गणवेश घातल्याचा फोटो, शाळेच्या नावासकट. मग गुणपत्रिका नातेवाइकांच्या गटावर. तेरा-चौदा वर्षांची मुलगी जेव्हा म्हणते, ‘आई, तो टबमधला फोटो काढून टाक ना,’ तेव्हा ‘त्यात काय झाले, लहान होतीस’ असे हसून उडवले जाते. त्या दिवशी तो फोटो तिच्यासमोर बसून काढून टाकावा, आणि ज्यांना पाठवला होता त्या दोन-तीन मावश्यांनाही फोन करून तसे सांगावे.